गुण वाचून दाखवण्याआधी

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांभोवतीच्या मराठी शाळांत घरी वारली, हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. पायाभूत वा संकलित चाचणीत उत्तराची जागा कोरी राहिली, तर गणित आले नाही की प्रश्नातला शब्दच कळला नाही, हे गुण सांगत नाहीत. शिक्षकाने मुलाला जवळ बसवून विचारावे लागते.

चाचणीला दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला, वाचणाऱ्यांना ४२. आठवण्याच्या खटपटीनेच स्मरण पक्के होते. अर्थात तिथे कमी आठवले म्हणून कोणाला वर्गापुढे उभे केले नव्हते!

धास्तावलेल्या मुलाचे डोके काळजीनेच व्यापते. हातचा लक्षात ठेवायला जागा उरत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ छडीबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. बिनगुणांची, पाच प्रश्नांची चिठ्ठी आठवड्यातून एकदा देऊन चुका त्याच दिवशी मुलांबरोबर सोडवायला ना वेगळा निधी लागतो, ना परिपत्रक.