माळ्यावरच्या रेकॉर्ड

वडिलांच्या रेकॉर्ड माळ्यावर असतील तर भंगारात देऊ नका. पण त्या ऐकण्यासाठी पेटीवजा स्वस्त प्लेअर घेण्यास आमचा विरोध आहे. त्यांतील बहुतेकांची सुई ५-६ ग्रॅम भाराने खाचा झिजवते, आणि ती रेकॉर्ड पुन्हा मिळेलच असे नाही. भार सुमारे २ ग्रॅमवर ठेवता येईल असा टर्नटेबल घ्यावा. सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून फोनो प्रीअँप लागतोच. (जुन्या अँप्लिफायरला फोनोची जोडणी असेल तर तेवढा खर्च वाचला!) अँप्लिफायर, स्पीकर सेकंडहँड चालतील, सुई नवीच हवी. सगळे एकाच बोनसमध्ये जमवण्याचा हट्ट नको. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र वेगळी, जाड सुई लागते. स्पीकर टर्नटेबलच्या फळीवर ठेवू नयेत, आवाज घुमतो.