विश्लेषण : गच्चीवरून फेकलेली ‘भद्रा’ वाचली, मग 50 रुपयांचा दंड अजून का टिकून आहे?

सोसायटीच्या आवारात कुणी भटक्या कुत्र्याला काठीने बदडतं, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढतं आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरतो. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात : ‘याला जेलमध्ये टाका.’ हे पनवेल, खारघर किंवा कामोठ्यात घडलं, तर कायदा खरंच तेवढं करू शकतो का?

भद्राचं प्रकरण काय होतं?

जुलै 2016 मध्ये चेन्नईतला एक व्हिडिओ देशभर पाहिला गेला. वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याने कुत्रीला गच्चीवरून खाली फेकलं आणि दुसऱ्याने त्याचं चित्रीकरण केलं. कुत्री मेली असावी असंच सगळ्यांना वाटलं. पण प्राणिमित्रांनी शोध घेतला तेव्हा ती हाडं मोडलेल्या अवस्थेत जिवंत सापडली. तिचं नाव ठेवलं ‘भद्रा’.

लोकांना दुसरा धक्का बसला तो कायदा वाचल्यावर. वैद्यकीय विद्यापीठाने या दोघांना प्रत्येकी दोन लाख रुपये भरायला सांगितलं, पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंड होता 10 ते 50 रुपये. त्याच वर्षी मार्चमध्ये डेहराडूनला ‘शक्तिमान’ या पोलिसांच्या घोड्याचा पाय मोडला होता आणि पुढे तो दगावला. या घटनांच्या पार्श्वभूमीवर ‘नो मोअर फिफ्टी’ ही मोहीम जोरात आली. महाराष्ट्रात 2019 च्या पावसाळ्यात वरळीतल्या ‘लकी’ या भटक्या कुत्र्याला झालेली मारहाण आणि त्याचा मृत्यू यांमुळे हीच मागणी पुन्हा पुढे आली.

50 रुपयांची अडचण फक्त रकमेची आहे का?

नाही. आज 50 रुपयांत दोन वडापाव येतात, हा मुद्दा आहेच. त्याहून मोठी अडचण अशी, की या कायद्यातली साधी मारहाण अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस एनसी नोंदवतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. शिवाय घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर या कायद्याखालची वाट बंद होते. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला, तर 25 ते 100 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, एवढीच तरतूद आहे.

मग गेल्या दहा वर्षांत काहीच बदललं नाही?

एक महत्त्वाचा बदल झाला. जुन्या भारतीय दंड संहितेत शिक्षा जनावराच्या किमतीवर ठरायची. दहा रुपये किमतीच्या प्राण्याला मारलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास किंवा अधिक किमतीच्या प्राण्यासाठी पाच वर्षांपर्यंत. भटक्या कुत्र्याची किंमत काय धरायची, हा प्रश्न त्यातूनच यायचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये किमतीची अट काढून टाकली आहे. कोणत्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, मात्र जामीनपात्रही आहे.

तरीही दोन फटी उरतात. हे कलम मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात येतं, म्हणजे कायद्याच्या नजरेत प्राणी अजून ‘वस्तू’च्या जवळपास आहे. आणि कुत्र्याला बेदम मारलं, पण तो मेला नाही, अपंगही झाला नाही, तर प्रकरण पुन्हा त्या 50 रुपयांवर येतं.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये, जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवरच्या निकालात, संसदेने शिक्षा वाढवावी अशी अपेक्षा व्यक्त केली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. त्यात अमानुष क्रूरतेसाठी 50 ते 75 हजार रुपये दंड, एक ते तीन वर्षं कैद आणि प्राण्याला ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही.

इतर देशांत काय झालं?

ब्राझीलमध्ये जुलै 2020 मध्ये ‘सॅन्साव’ नावाच्या कुत्र्याचे मागचे पाय तोडण्यात आले. तो वाचला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला कुत्र्या-मांजरांवरील क्रौर्यासाठी दोन ते पाच वर्षं कैदेचा कायदा झाला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मरणाच्या दारातून परतलेल्या ‘लिब्रे’ या पिल्लामुळे 2017 मध्ये कायदा कडक झाला.

पण कुत्रे चावतात, त्याचं काय?

ही भीती खरी आहे. सरकारी आकडेवारीनुसार 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यावरचा उपाय निर्बीजीकरण आणि लसीकरण असून ती जबाबदारी महापालिकेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात निर्बीजीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडायला सांगितलं. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे त्याला अपवाद. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून ते हटवण्याचे निर्देश दिले. यातल्या कोणत्याही आदेशाने रहिवाशांना काठी किंवा विष वापरण्याची मुभा दिलेली नाही.

असा प्रकार दिसला तर काय करावं?

आधी 112 वर फोन करा आणि प्राण्याला उपचार मिळवून द्या. मूळ व्हिडिओ जपून ठेवा. पशुवैद्यकाचा लेखी अहवाल घ्या, प्राणी मेला असेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा. इजा गंभीर होती हे याच कागदावर ठरतं आणि कलम 325 लागणार की नाही, तेही. तक्रार लेखी द्या, पोहोच घ्या. पोलीस ठाण्याने दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर पनवेल परिसरासाठी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातल्या उपायुक्तांकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

व्हिडिओ शेअर केल्याने लोक जागे होतात. पण खटला उभा राहतो तो कागदांवर, आणि तीन महिने फार लवकर संपतात.