वाटीतील गोळी

मे महिना आला की आमच्या दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्यांची वये बदलतात. एरवी एकटे येणारे आजी-आजोबा नातवंडांचे बोट धरून येऊ लागतात. घामोळे, जुलाब, फुटलेला गुडघा अशी कारणे नातवंडांची असतात. परंतु त्यांना घेऊन आलेल्या माणसाचा थकलेला चेहरा मला अधिक काही सांगत असतो. आज अशाच एका घरातील एका महिन्याची हकिगत आपल्यापुढे ठेवीत आहे. त्या कुटुंबाने तशी परवानगी दिली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. ही हकिगत सांगण्याचे आणखी एक कारण आहे. तीत माझीही एक चूक आहे.

आजींचे वय सदुसष्ट, आजोबांचे बाहत्तर. आजींना बारा वर्षांपासून मधुमेह. आजोबांना रक्तदाब आणि गुडघेदुखी. मुलगा व सून दोघेही पुण्यास नोकरीला. मुलांना सांभाळणाऱ्या बाई अचानक काम सोडून गेल्या आणि शाळेलाही सुट्टी लागलेली. तेव्हा सहा वर्षांचा थोरला व अडीच वर्षांचा धाकटा, असे दोघे भाऊ महिनाभरासाठी आजोळी नव्हे, तर आपल्या हक्काच्या आजीच्या घरी आले. शनिवार-रविवारी आई-वडील येऊन जात. बाकीचे पाच दिवस घर या चौघांचे.

पहिला आठवडा कौतुकात गेला. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, माजघरात आंब्याची अढी होती, आणि दोन्ही भावांना घराचा प्रत्येक कोपरा नवा होता. आजी पहाटे पाचला उठत. धाकट्याचे दूध, थोरल्याची आंघोळ, दोघांचे भांडण, पुन्हा धाकट्याचे कपडे, असे करता करता साडेदहा वाजत. मधुमेहाची गोळी मात्र नेमाने साडेसातला पोटात गेलेली असे. तिच्यामागून जी न्याहारी जायला हवी, ती मुलांचे आटोपल्यावर, उरले तर आणि आठवले तर.

आठव्या दिवशी आजींना दरदरून घाम सुटला आणि हात कापू लागले. आजोबांनी साखरपाणी दिले म्हणून निभावले. दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यातून दुसरीही गोष्ट कळली. गडबडीत काही दिवस गोळी घ्यायचीच राहून गेली होती. म्हणजे एके दिवशी गोळी आहे पण अन्न नाही, आणि दुसऱ्या दिवशी अन्न आहे, शिवाय दोन आंबेही आहेत, पण गोळी नाही!

त्यांची गोळी ग्लिमेपिराइड या औषधाची होती. हे औषध स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडावयास लावते. पोटात अन्न आहे की नाही, याची ते वाट पाहत नाही. म्हणून मी त्यांना बजावले, की गोळी आणि न्याहारी यांची फारकत होता कामा नये. आणि निघताना, गेली पंचवीस वर्षे शेकडो रुग्णांना सांगत आलो तेच वाक्य सांगितले, "औषधे डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे विसरणार नाहीत." याच सदरातूनही मी तसे लिहिले असेल.

आजींनी सल्ला तंतोतंत पाळला. रात्री झोपण्यापूर्वी सकाळच्या तिन्ही गोळ्या वेष्टनातून काढून त्या एका छोट्या वाटीत ठेवू लागल्या, आणि ती वाटी जेवणाच्या टेबलावर, अगदी डोळ्यांसमोर. डोळे मात्र त्या घरात आणखीही होते, हे माझ्या ध्यानात आले नाही. घरी सध्या कोण आहे, एवढा एक प्रश्न मी विचारावयास हवा होता.

तिसऱ्या आठवड्यातील एक सकाळ. आजी स्वयंपाकघरात दूध तापवीत होत्या, आजोबा फाटकापाशी भाजी घेत होते. धाकटा खुर्चीवर चढला आणि वाटीतील गुलाबी गोळी त्याने तोंडात टाकली. आजी रोज करतात तेच त्याने केले, अगदी वर पाणी पिण्यासकट. थोरल्याने हे पाहिले. परंतु तो गप्प राहिला. कारण आदल्याच दिवशी, "सारख्या त्याच्या चहाड्या सांगत येऊ नकोस," असे म्हणून आजींनी त्याला दटावले होते. दिवसातून पंधरा वेळा तक्रारी ऐकणाऱ्या कोणाच्याही तोंडून जावे असेच ते वाक्य होते.

आजी टेबलापाशी आल्या तेव्हा वाटीत दोनच गोळ्या होत्या. तिसरी आपण घेतली असावी, असे त्यांना वाटले. थकलेल्या माणसाची स्मृती अशी सोयीस्कर साक्ष देते. अर्ध्या तासाने थोरला आजोबांजवळ गेला आणि हलकेच म्हणाला, "आजोबा, चहाडी नाही सांगत, पण त्याने आजीची गोळी खाल्ली."

आजोबांनी त्या क्षणी फार शहाणपणा दाखविला. ते ओरडले नाहीत. किती वाजता, कोणती, किती, एवढेच विचारून, धाकट्याला कडेवर आणि गोळ्यांचे पाकीट खिशात घेऊन रिक्षाने थेट माझ्याकडे आले. मूल हसतखेळत होते. बोटातून रक्त काढून साखर तपासली, तर ती ८६, म्हणजे व्यवस्थित. आजींनी देवाला हात जोडले. "बघा डॉक्टर, काहीसुद्धा झालेले नाही. जाऊ ना आम्ही घरी?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी लक्षात ठेवावे, म्हणूनच हा लेख. उत्तर 'नाही' असे आहे. या वर्गातील मधुमेहाच्या गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, लहान मुलाच्या पोटात एकच गेली तरी जीवघेणी ठरू शकते. आणि साखर लगेच न उतरता कित्येक तासांनंतरही उतरू शकते. असे मूल हसत असले, तरी त्याला रुग्णालयात ठेवून त्याची साखर वारंवार तपासत राहावे लागते. मी त्यांना तडक बालरुग्णालयात घेऊन गेलो. दुपारी बाराच्या सुमारास मूल मलूल झाले, कपाळावर घाम आला. साखर ४६ वर आली होती. शिरेतून ग्लुकोज चालू करण्यात आले. रात्रभर सुई टोचणे, मोजणे, पुन्हा मोजणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ग्लुकोज बंद करूनही साखर टिकून राहते याची खात्री झाल्यावर, त्याला घरी सोडले. आपण घरीच थांबलो असतो, तर दुपारी 'झोप आली असेल' असे समजून त्याला थोपटून निजविले असते, हा विचार आजोबांनी मला नंतर बोलून दाखविला. माझ्याही मनात तोच होता.

आता थोडे व्यवहाराचे. मुलाने औषध गिळल्याची नुसती शंका आली तरी वेळ आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या पाहावी, पाकीट सोबत घ्यावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी मुळीच करवू नये. मधुमेहाची गोळी असेल आणि मूल पूर्ण शुद्धीवर असेल, तर वाटेत साखरपाणी द्यावे. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. मूल गुंगीत असेल, तर तोंडातून काहीही न देता त्याला कुशीवर निजवावे.

हाच धोका रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या गोळ्यांचा, आणि लोहाच्या गोळ्यांचाही. देवघरातील कापूर विसरू नका. तो खाल्ल्याने लहान मुलांना झटके येतात. कपाटातील डांबरगोळ्याही तशाच घातक.

औषधे मूळ वेष्टनातच, उंचावर, कडी असलेल्या कपाटात ठेवावीत. उशीखाली, पर्समध्ये, फ्रिजच्या दारात नकोत. आठवड्याच्या खणांच्या डब्या सोयीच्या खऱ्या, पण लहान बोटांना त्या सहज उघडतात. त्याही कपाटातच असाव्यात. गोळी घेताना मूल पाहत नसेल असे करावे, आणि मुलाला औषध देताना त्याला 'खाऊ' किंवा 'चॉकलेट' कधीही म्हणू नये. मग विसरू नये म्हणून काय करावे? औषध डोळ्यांसमोर ठेवण्याऐवजी औषधाची आठवण डोळ्यांसमोर ठेवावी. मोबाइलचा गजर लावावा, किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. माझ्या जुन्या वाक्यात मी हा बदल केला आहे. आपणही करावा.

एवढे सांगून लेख संपविता आला असता. परंतु रुग्णालयातून परतल्यावर दोन दिवसांनी आजी एकट्याच माझ्याकडे आल्या, आणि खुर्चीत बसून पदराने डोळे पुसू लागल्या. "मुलगा काही बोलला नाही हो. बोलला असता तर बरे झाले असते. माझ्याच्याने आता होत नाही, हे मी त्याला कसे सांगू?"

ती वाटी टेबलावर आली, ती निष्काळजीपणामुळे नव्हे. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या, दुपारी पाठ न टेकणाऱ्या, उभ्याने दोन घास खाणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या बाईने आपल्या विसरभोळेपणावर शोधलेला तो उपाय होता. 'होत नाही' हे त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितले असते, तर कदाचित वाटीची गरजच पडली नसती. नातवंडांवरील माया आणि शरीराची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कमी पडली म्हणून पहिली खोटी ठरत नाही.

मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई कधी काही बोललीच नाही, आणि मीही विचारले नाही." शेवटच्या आठवड्यासाठी सकाळी तीन तास एक मदतनीस बाई आल्या. आजींची न्याहारी साडेसातला, मुलांच्या आधी. धाकट्याला वाकून उचलण्याऐवजी आजी खालच्या स्टुलावर बसत आणि तो स्वतः मांडीवर चढे. दुपारी एक तास दार लोटलेले. त्या वेळी मुले आजोबांची. सुनेने रोज रात्री फोनवर आधी सासूबाईंची विचारपूस करावयाची आणि मग मुलांची, असा नेम घातला.

आणि थोरला? त्याला आजींनी जवळ घेऊन सांगितले, की कोणाला इजा होईल असे काही दिसले तर सांगणे ही चहाडी नव्हे. त्याला एक कामही मिळाले. औषधाला हात लावायचा नाही. पण आजींनी गोळी घेऊन न्याहारी केली, की कॅलेंडरवर त्या दिवसावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. महिना संपला तेव्हा शेवटच्या आठवड्याचे सातही दिवस लाल होते. पुण्यास निघताना त्याने पेन्सिल आजोबांच्या हाती दिली आणि उद्यापासून हे काम त्यांचे, असे बजावले.

या सुट्टीत आपल्याही घरी अशी पाहुणेमंडळी येणार असतील, तर ती येण्यापूर्वी एकदा जमिनीवर बसून, अडीच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून आपले घर पाहा. आणि आपण मुलगा किंवा सून असाल, तर मुलांची बॅग भरताना आईला एक प्रश्न अवश्य विचारा, "तुझी न्याहारी किती वाजता होते?"