तीन बोल्टांचं काम

"स्ट्रट बदलणं म्हणजे काय रे, तीन बोल्टांचं काम!" हे वाक्य गेल्या महिनाभरात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर चिडायचा मला पूर्ण अधिकार आहे. म्हणणारे सगळे आपल्यातलेच. सोमवार ते शुक्रवार कीबोर्ड बडवायचा, शनिवारी दोन व्हिडिओ बघायचे आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरायचं. मीही त्यातलाच, म्हणून तर बोलतोय.

सुरुवात झाली मोहर्लीला. ताडोबाला निघालो होतो. चंद्रपूर सोडलं, आणि पद्मापूरच्या आसपास पुढचं डावं चाक एका खड्ड्यात असं काही आदळलं की तिथून मोहर्लीपर्यंत नुसतं खट् खट् खट्. पोचल्यावर वाकून बघितलं तर शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ. म्हणजे कारभार आटोपलेला.

वाघ काही दिसला नाही (असो). पण सफारीहून परतताना एक दृश्य दिसलं. एका घरासमोर जिप्सी जॅकवर चढवलेली आणि चालकदादा स्वतःच शॉकअप बदलत बसलेले. वरचा नट, खालचा नट, जुना काढला, नवा बसवला. आमचा चहा संपेपर्यंत एक बाजू झालीसुद्धा. झालं! आमच्या टीममधल्या मित्राला मुद्दा सापडला. "बघ, हा माणूस दारात बसून करतो आणि तू इंजिनिअर असून गॅरेजवाल्याला पैसे देणार?"

उत्तर त्या दादांनीच दिलं. "आमच्या गाडीले पाटे राहते ना भाऊ. तुमच्या गाडीत शॉकअप स्प्रिंगच्या पोटात राहते. ते घरी नका खोलू."

सगळा वाद एवढ्याच दोन वाक्यांत मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण आम्हाला वाटलं, खेड्यातला माणूस, सांगतोय काहीतरी. आता त्याचा अर्थ सांगतो.

मारुती जिप्सीला चारही चाकांना कमानपाटे असतात. गाडीचं वजन पाटे पेलतात आणि शॉकअप बाजूला वेगळा बसलेला असतो. त्याचं काम फक्त गाडीची उसळी मारणं. तो काढला तरी पाटे जागच्या जागी राहतात. आपल्या गाड्यांचं तसं नाही. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1940 च्या दशकात जी रचना काढली, 1950 मध्ये ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सलमध्ये जी आली आणि 1983 मध्ये मारुती 800 बरोबर आपल्याकडे घरोघरी पोचली, तिच्यात स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाला उभं धरून ठेवणारा खांब हे तिन्ही एकच. जागा कमी लागते, सुटे भाग कमी लागतात, गाडी स्वस्त होते. हुशारीच आहे ती. पण त्या हुशारीची किंमत अशी की तेल गळणारी नळी बदलायची तर आधी तिच्याभोवतीची स्प्रिंग दाबून धरावी लागते.

म्हणजे किती दाबून? साधा हिशोब करा. हजार किलोची गाडी, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पुढे. एकेका पुढच्या स्प्रिंगवर अडीचशे-तीनशे किलो. चाक हवेत लोंबकळत असलं तरी स्प्रिंग पूर्ण सैल होत नाही, स्ट्रटमध्ये ती दाबलेलीच असते. तिला अडवून धरणारा एकच नट, स्ट्रटच्या अगदी डोक्यावर मधोमध. तो स्प्रिंग न आवळता सोडला की पुढचं सगळं नशिबावर.

बोल्टांबद्दल माझी तक्रार नाही. ते काम खरंच जमतं. चाकांना उटी लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड द्या. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटपासून सोडवा, लिंक काढा, खालचे दोन बोल्ट काढा (आधी खडूनं खूण करून), स्ट्रटला हातानं आधार द्या आणि मग बॉनेटखालचे नट. मधला नट सोडून! इथपर्यंत दीड तास, बोटं काळी, आणि छाती दोन इंच फुगलेली.

माझीही फुगली होती. मोहर्लीहून परतल्यावरच्या रविवारी अख्खा स्ट्रट काढून मी पार्किंगमध्ये आडवा ठेवला आणि भाड्यानं आणलेले स्प्रिंग दाबायचे दोन हूक लावले. एकेक आटा फिरवत होतो. तो व्हिडिओवाला सांगतो, दोन्ही बाजू सारख्या आवळा. आवळत होतो. तरी एका बाजूचा हूक वेटोळ्यावरून घसरला. आवाज असा झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. हूक भिंतीवर आपटला आणि मुठीएवढं प्लॅस्टर खाली आलं. दोन मिनिटांपूर्वी त्या भिंतीपुढे माझा आठ वर्षांचा मुलगा पाना हातात धरून उभा होता. त्याला मी पाणी आणायला वर पाठवलं होतं.

तेव्हा "तीन बोल्टांचं काम" म्हणणाऱ्यांनो, चौथं काम तुम्ही सांगतच नाही. आणि पैसे वाचतात म्हणता, ते कुठले? आपण स्वतःच्या रविवारची किंमत शून्य धरतो, हत्यारांचं भाडं धरत नाही, आणि स्प्रिंगच्या प्रेसवर दहा मिनिटांत तेच काम सुरक्षित करणाऱ्या माणसाच्या मजुरीला मात्र 'लूट' म्हणतो. क्लायंटनं आपल्या तासाच्या दराला असं म्हटलं तर कसं वाटेल हो? भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला प्रेस, हे त्या माणसाचं भांडवल आहे. ते नेटवरून डाउनलोड होत नाही.

"हे आपलं कामच नाही, शिकलेल्या माणसानं हात काळे कशाला करायचे" असं म्हणणारी दुसरी जमात आहे, तिच्याशी तर मी वादही घालत नाही. गाडीखाली जरूर शिरा. स्ट्रट स्वतः काढा, आणि काढलेला तसाच रिक्षात घालून प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये न्या. स्प्रिंग तिथे बदलून घ्या, घरी आणून परत बसवा. आणि बदलताना पुढचे दोन्ही बदला, एकच बदलला तर गाडी एका बाजूला वेगळी वागते.

मी शेवटी तेच केलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "बॉम्ब वगैरे नाही ना साहेब?" मी नाही म्हणालो खरा. गॅरेजमधल्या पोरानं प्रेसवर दोन्ही स्प्रिंगा आवळल्या, वरचं बेअरिंग बोटानं फिरवून बघितलं आणि म्हणाला, हेही गेलंय. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता खट् खट् थांबलंय. स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढतंय, खुणा माझ्याकडून नीट जुळल्या नसणार. शनिवारी अलाइनमेंट करून घेणार आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना प्लॅस्टरचे पैसेही द्यायचे आहेत.