‘मनावर घेतलें तर...’

सुशिक्षितांच्या घरीं कांहीं वाक्यें पिढीजात भांड्यांप्रमाणें वारशानें येतात. तीं एकदां घासून पाहावींत असें कोणासच वाटत नाहीं. ‘मनावर घेतलें तर दारू कोणीहि सोडील’ हें त्यांपैकींच एक होय. या वाक्यावर आमचा आक्षेप आहे, आणि तो घेण्याचा अधिकार आम्हांस विद्वत्तेनें नव्हे, एका अपराधानें मिळाला आहे. तो अपराध आधींच सांगून टाकतों.

आमचे एक आप्त, पेशानें शिक्षक, अनेक वर्षें रोज पीत असत. घरच्यांनीं आमचा सल्ला विचारला, तेव्हां आम्हीं मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें, “खोलींत कोंडून ठेवा. चार दिवस थेंब मिळाला नाहीं म्हणजे आपोआप ताळ्यावर येतील.” त्यांनीं तसें केलें. तिसऱ्या रात्रीं त्या गृहस्थांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसूं लागल्या, हात लटलट कांपूं लागले. पहाटेस झटके आले आणि दवाखान्याच्या वाटेवरच त्यांनीं प्राण सोडला. तेराव्याच्या पंगतींत जो तो म्हणत होता, “माणूस देवासारखा, पण मनाचा दुबळा.” आम्ही खालीं मान घालून जेवत होतों. दुबळें होतें तें त्यांचें मन नव्हे, आमचें ज्ञान, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्याचा मेंदू मद्याच्या गुंगीशीं झुंजण्यासाठीं स्वतःस सतत चेतविलेला ठेवावयास शिकतो. मद्य एकाएकीं तुटलें कीं ती चेतना मोकाट सुटते. प्रथम कंप आणि घाम, मग अपस्मारासारखे झटके, आणि कांहींच्या बाबतींत दोन ते चार दिवसांनीं तो भीषण भ्रम, ज्यास वैद्यक ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतें. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास मृत्यु ओढवूं शकतो. वेळेवर औषधें आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व मिळाल्यास बहुतेक रोगी सुखरूप बरे होतात. निश्चय ही थोर वस्तु आहे खरी. पण निश्चयानें झटके थांबत नाहींत.

येथें आमचे नाट्यरसिक मित्र ‘एकच प्याला’ पुढें करतील. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या या नाटकानें मद्याची भीति घरोघर पोंचविली, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तें पाहून आपण पहिला प्याला तेवढा लक्षांत ठेवला. सुधाकर मध्यंतरीं दारू सोडतो, मनापासून सोडतो, आणि कामधंदा मागावयास प्रतिष्ठितांकडे जातो. तेथून अपमान घेऊन परततो, तेव्हां प्याला पुन्हां त्याच्या हातीं येतो. तळीरामास आपण शंभर वर्षें शिव्या देत आलों; सुधाकरास दारांतून परत पाठविणाऱ्या सभ्य गृहस्थांविषयीं मात्र कोणी बोलत नाहीं. त्या गृहस्थांत आपलें तोंड ओळखूं येतें, हें तर त्याचें कारण नसेल ना?

याच्या उलट टोंकाचें दुसरें मत, ‘एकदां लागलें तें मरेपर्यंत सुटत नाहीं’. तेंहि तितकेंच पोकळ आहे. १९७१ सालीं व्हिएतनामांतील अमेरिकन सैनिकांपैकीं सुमारें पांचांतील एक जण हेरॉइनच्या आहारीं गेला होता. ली रॉबिन्स या विदुषीनें मायदेशीं परतलेल्यांची पाहणी केली, तेव्हां तेथें व्यसनाधीन झालेल्यांपैकीं पहिल्या वर्षांत पुन्हां व्यसनांत सांपडलेले शेंकडा पांचच्या आसपासच निघाले. सर्वांचीच सुटका इतकी सोपी नसते. पण भोंवतालचें जग बदललें कीं माणूसहि बदलूं शकतो, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

तिसरा प्रकार याहून घातक आहे. नवऱ्यास न कळतां चहांतून द्यावयाच्या पुड्या आपल्याकडे विकल्या जातात, आणि पदवीधर गृहिणीहि त्या आणतात. डायसल्फिराम हें औषध घेतलेल्या माणसानें मद्य घेतलें तर शरीरांत ॲसेटाल्डिहाइड सांचतें, छाती धडधडते, वांत्या होतात, क्वचित् रक्तदाब कोसळून प्राणहि जातो. रोग्याच्या संमतीनें आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हें औषध उपकारक ठरतें. परंतु अशा पुडींत तें असलें, तर चोरून देणारी पत्नी नकळत विष कालवीत असते.

“व्यसनास रोग म्हटलें म्हणजे माणसाची जबाबदारीच संपली!” असा आक्षेप हमखास येतो. मधुमेह्यास आपण रोगी म्हणतों, म्हणून त्याचें पथ्य सुटतें काय? उलट रोग ओळखला म्हणजेच पथ्यास अर्थ येतो. पथ्य मोडून साखर वाढली, तर त्यास पुन्हां डॉक्टरांकडे नेतों. पुन्हां प्यालेल्या माणसास मात्र घराबाहेर काढतों. शिवाय कित्येकांच्या व्यसनामागें खिन्नता किंवा सततची भीति दडलेली असते. तिच्यावर उपचार न करतां नुसती बाटली फोडणें म्हणजे ताप राहूं देऊन तापमापक फोडणें होय.

कायदा या बाबतींत आपल्या पुढें गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशीं निगडित मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येंतच घातल्या. पुण्यांत १९८६ पासून ‘मुक्तांगण’ उभें आहे. तरीहि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकीं अवघ्या एकास कांहीं तरी उपचार मिळाला होता. उरलेले ३७ कोठें आहेत? त्यांतील कांहीं तरी आपल्याच घरांत, ‘प्रकृति बरी नाहीं’ या पडद्याआड आहेत.

आमच्या त्या आप्तांच्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती. लावणारा हात घरच्यांचा. लावावयास सांगणारे आम्ही. आज कोणाच्या घरीं तशी कडी लागलेली असेल, तर त्यांनीं हा अंक खालीं ठेवावा, ती कडी काढावी, आणि डॉक्टरांस बोलवावें. आमच्याशीं वाद मागाहून घालतां येईल.