जुन्या बॅटरीचा खरा हिशेब

संसारात काही खर्च सांगून येतात आणि काही न सांगता. मुलांचे शुल्क, घराचे भाडे, विम्याचा हप्ता यांची तारीख ठरलेली असते. जुन्या वाहनाच्या दुरुस्तीला मात्र तिथी नसते. ती नेमकी हात आखडलेला असताना पुढे उभी राहते, आणि त्या घाईत घेतलेला निर्णय पुढे कित्येक महिने घराच्या अंदाजपत्रकावर आपली छाया टाकतो.

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाला हा अनुभव जुलै महिन्यात आला. कुटुंब मूळचे सांगलीकडील. पती एका गोदामात हिशेबनीस, पत्नी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला, आणि मुलगी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत. घरात वाहन एकच, २०११ सालची टोयोटा प्रियस. ती सात वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली होती आणि आतापर्यंत १,६२,००० मैल चालली होती. त्या संध्याकाळी पत्नी कामावर निघाली असता समोरच्या पटलावर लाल त्रिकोण उमटला. बॅटरीचे चित्र भरलेले दिसता दिसता दोन पट्ट्यांवर आले, आणि मागील आसनाजवळचा पंखा मोठ्याने घरघरू लागला. गाडी कशीबशी रुग्णालयापर्यंत पोहोचली.

दुसऱ्या दिवशी तपासणीयंत्राने पी०ए८० हा संकेत दाखवला. हायब्रिड बॅटरी बदलण्याची वेळ आली, असा त्याचा अर्थ. अधिकृत दुकानाने मजुरीसह सुमारे चार हजार डॉलरांचा अंदाज दिला. कुटुंबाजवळ तीन हजार डॉलर शिल्लक होते, आणि तेही दिवाळीला आईंना सांगलीहून बोलावण्यासाठी वर्षभर बाजूला टाकलेले.

सायंकाळी घरी आलेल्या एका परिचितांनी सोपा मार्ग सुचवला. ते म्हणाले, “भाऊ, वीस डॉलरांच्या यंत्राने तो संकेत पुसता येतो. दिवा चार दिवस लागणार नाही. आपल्याकडचाच एक विद्यार्थी जुनी गाडी शोधतो आहे. त्याला देऊन मोकळे व्हा.”

पतीने त्या वेळी काही उत्तर दिले नाही. पत्नी मात्र पाहुणे गेल्यावर इतकेच म्हणाली, “अहो, आधी गाडीला नेमके काय झाले आहे ते तरी कळू द्या.”

हे वाक्य अशा प्रसंगी प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे. कारण हायब्रिड गाडीची बॅटरी ही एकसंध वस्तू नसते. या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे २८ संच एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक संचात सहा घट, आणि प्रत्येक घट १.२ व्होल्टचा. अशा १६८ घटांची बेरीज २०१.६ व्होल्ट होते. गाडीतील संगणक या संचांच्या चौदा जोड्या करून प्रत्येकीचा दाब सतत तपासत असतो. एका जोडीचा दाब इतरांच्या तुलनेत फार खाली गेला, की तो संपूर्ण बॅटरीविषयी इशारा देतो. म्हणजे इशारा मिळाला त्या दिवशी सगळेच घट संपलेले असतात असे नाही. साखळीतील सर्वांत दुबळी कडी उघडी पडलेली असते. तथापि बाकीच्या कड्याही त्याच वयाच्या असतात, हेही विसरता येत नाही.

बॅटरीचे आयुष्य प्रामुख्याने उष्णतेने घटते. सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात पारा ३८ अंश सेल्सियसच्या पुढे सहज जातो. ही बॅटरी मागील आसनामागे असते आणि प्रवाशांच्या कक्षातील थंड हवा आसनाशेजारच्या जाळीतून ओढून एक पंखा तिला गार ठेवतो. त्या जाळीवर कोट, पिशव्या किंवा उशी टेकलेली असेल, अथवा पंख्यात धूळ साचलेली असेल, तर बॅटरी आतल्या आत तापत राहते. या कुटुंबाची गाडी हायब्रिड वाहनांचेच काम करणाऱ्या एका स्वतंत्र कारागिराने उघडली, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पूर्वीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस नमद्यासारखे चिकटलेले आढळले. सात वर्षांत तो पंखा एकदाही साफ झाला नव्हता.

कारागिराने तपासणीचा क्रम नीट समजावून सांगितला, आणि तो सर्वांनाच उपयोगी पडावा असा आहे.

प्रथम बारा व्होल्टची छोटी बॅटरी तपासावी. प्रियसमध्ये ती इंजिन फिरवण्याचे काम करत नाही, ती संगणक आणि इतर विद्युत यंत्रणा जागी करते. ती दुबळी झाली की पटलावर नाना प्रकारचे भलतेच इशारे उमटतात, आणि मोठ्या बॅटरीवर नाहक आळ येतो. तिचा खर्च मोठीच्या तुलनेत अल्प असतो.

दुसरे, चौदाही जोड्यांचा दाब गाडी चालत असताना, म्हणजे बॅटरीवर भार असताना, मोजून घ्यावा. एकच जोडी मागे पडली आहे की अनेक, हे त्यातून कळते. जोड्यांना सांधणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढला असेल, तर त्यानेही मोजमाप बिघडते.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बॅटरीवर पैसा घालण्यापूर्वी इंजिनाची प्रकृती पाहावी. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये वय झाल्यावर हेड गॅस्केट निकामी होण्याच्या आणि धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी नळी काजळीने भरण्याच्या तक्रारी कारागिरांना चांगल्या परिचयाच्या आहेत. शीतद्रव कमी होत असेल, किंवा सकाळी सुरू करताना इंजिन थरथरत असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च मोडक्या घरावर नवे कौल घालण्यासारखा ठरतो. या गाडीची दाबचाचणी समाधानकारक निघाली, आणि तेव्हाच पुढचे बोलणे सुरू झाले.

चौदापैकी तीन जोड्या स्पष्टपणे मागे पडल्या होत्या. कारागिराने तीन पर्याय लेखी मांडले. कॅलिफोर्नियात कामाला हात लावण्यापूर्वी असे लेखी अंदाजपत्रक देणे दुरुस्तीदारावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि ग्राहकाने ते मागून घेण्यात संकोच मानू नये.

पहिला पर्याय, फक्त दुबळे संच बदलणे, ४५० डॉलर, हमी तीन महिन्यांची. दुसरा, जुनेच पण निवडून, भारून-उतरवून सारखे केलेले संच घातलेली बॅटरी, १,५०० डॉलर, हमी बारा महिन्यांची. तिसरा, सर्व संच नवे असलेली बॅटरी, २,६४० डॉलर, हमी ४८ महिन्यांची.

पहिल्या दृष्टिक्षेपात ४५० हा आकडा मनाला भुलवतो. परंतु पती हिशेबनीस होते. त्यांनी कागदावर प्रत्येक रकमेला हमीच्या महिन्यांनी भागले. पहिला पर्याय दरमहा १५० डॉलरांना पडत होता, दुसरा १२५ ला, आणि तिसरा ५५ ला. दुबळे संच बदलले की काही महिन्यांनी त्यांच्या शेजारचे दुबळे होतात, आणि प्रत्येक वेळी बॅटरी खाली उतरवण्याची मजुरी नव्याने द्यावी लागते. जुन्या कापडाला नव्या ठिगळाशेजारीच फाटण्याची खोड असते, तसाच हा प्रकार. दुसरी जुनी गाडी हप्त्याने घ्यावी म्हटले, तर विम्यासह दरमहा तीनशे डॉलरांच्या आत काही मिळेना.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. हमी जितकी लांब तितकी चांगली, असा सरसकट नियम करता येत नाही. गाडी सहा महिन्यांनी सोडायचीच असेल, तर ४८ महिन्यांच्या हमीचे पैसे वाया जातील, आणि तेव्हा निवडून सारख्या केलेल्या बॅटरीचा विचार रास्त ठरेल. म्हणून आधी प्रश्न विचारावा तो गरजेचा: हे वाहन अजून किती दिवस लागणार? या कुटुंबाचे उत्तर होते, मुलगी महाविद्यालयात जाईपर्यंत दोन वर्षे आणि नंतर नव्या वाहनासाठी पैसा साठेपर्यंत किमान एक. तीन वर्षांच्या गरजेला तिसराच पर्याय जुळत होता.

पण त्यासाठी दिवाळीचे तिकीट मोडावे लागणार होते. रविवारी सकाळी पतीने सांगलीला फोन केला. “आई, या दिवाळीला नाही जमणार तुला आणायला,” एवढे बोलून ते थांबले. कारण ऐकल्यावर आई म्हणाल्या, “अरे, दिवाळी दर वर्षी येते. सूनबाईला रात्री-अपरात्री रस्त्यात थांबावं लागलं, तर मला इथं झोप लागेल का? गाडी आधी नीट कर, बाळा.” पतीच्या मनावरचे अर्धे ओझे तिथेच उतरले.

उरलेले अर्धे त्या विद्यार्थ्याचे होते. परिचितांनी त्याला पत्ता देऊनही टाकला होता, आणि तो गाडी पाहायला दारात येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ घरून आलेले पैसे होते, तेवढेच. संकेत पुसून गाडी त्याच्या हाती दिली असती, तर थोड्याच दिवसांत ती कुठेतरी महामार्गाच्या कडेला उभी राहिली असती. प्रियसचे इंजिन सुरू होते तेच मोठ्या बॅटरीच्या बळावर. ती पूर्ण बसली की गाडी जागची हलत नाही.

पतीने त्याला आत बोलावून चहा दिला आणि सर्व खरे सांगितले. मग गाडी घेताना काय पाहावे, तेही सांगितले. जुनी हायब्रिड गाडी घेताना जोड्यांच्या दाबाची चाचणी स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडलेल्या कारागिराकडे करून घ्यावी. संकेत नुकताच पुसला असेल, तर गाडीतील संगणकाच्या स्वयंतपासण्या अपुऱ्या दिसतात. त्या तशा दिसल्यास कारण विचारावे. कॅलिफोर्नियात अशा जुन्या गाडीच्या खासगी विक्रीत धूरतपासणीचे वैध प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते, ते हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जाताना तो मुलगा म्हणाला, “काका, मला हे कोणी सांगितलेच नव्हते.”

बॅटरी एका दिवसात बसली. हे काम घरी करण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि त्याच्या चित्रफितीही सर्वत्र मिळतात. दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह जीव घेऊ शकतो, हे तेथे पुरेसे ठसवले जात नाही. नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे धोक्याची खूण. सुरक्षा-खटका काढून दहा मिनिटे थांबल्यावर पुढील तारांतील दाब उतरतो, परंतु बॅटरीच्या संचांत तो शिल्लकच राहतो. जाळी आणि तिच्याभोवतीची धूळ निर्वाताने ओढून घेणे एवढेच घरचे काम समजावे. बाकीचे विद्युतरोधक हातमोजे आणि प्रशिक्षण असलेल्याच्या हाती सोपवावे.

जुनी बॅटरी परत केल्यावर ठेवीची रक्कम सहसा परत मिळते. त्यातील निकेलसारखे धातू पुन्हा उपयोगात येतात, म्हणून ती अंगणात पडू देऊ नये. ज्यांच्या गाडीची दुरुस्ती मुळीच परवडणारी नाही, त्यांनी आपल्या राज्यात काही साहाय्य आहे का ते पाहावे. कॅलिफोर्नियात ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या खात्याकडे धूरतपासणीत नापास झालेली गाडी मोडीत काढण्यासाठी अनुदान देणारी योजना आहे. तिच्या अटी अर्जापूर्वी वाचाव्यात. आणि गाडी तुलनेने नवी असेल, तर निर्मात्याची हमी प्रथम तपासावी. अमेरिकेत टोयोटाने २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला दहा वर्षे किंवा १,५०,००० मैलांची हमी दिली आहे. त्या मुदतीत खिशातून पैसे देण्याचे कारण नाही.

राहिली ती निगा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये, कारण या प्रकारचे घट पडून राहिल्याने आपोआप उतरतात आणि त्यांच्यात असमानता येते. उन्हाळ्यात शक्यतो सावलीत उभी करावी, आणि आतील कक्ष गार ठेवावा. प्रवाशांना सुखावणारी हवाच बॅटरीलाही सुखावते. सिग्नलवर गाडी दीर्घकाळ न्यूट्रलमध्ये ठेवू नये, त्या स्थितीत बॅटरी भारली जात नाही. वर्षातून एकदा पंखा उघडून साफ करून घ्यावा.

त्या घरात आता मागील आसनाजवळच्या जाळीपाशी काही ठेवायचे नाही, असा नियम आहे, आणि तो मुलगी सर्वांत कडकपणे पाळते. फडताळातील एका पाकिटात दरमहा पंचावन्न डॉलर बाजूला पडतात. पहिल्या काही महिन्यांचे पैसे आईंच्या चैत्रातल्या तिकिटाला जाणार आहेत, आणि त्यापुढचे पुढील गाडीला.