पोकळ बासला जाड तारा कशाला?

बास गिटारच्या तारा बदलायच्या म्हटल्या की सल्लागार कुठून कुठून उगवतात. "जाड घे, जेवढी जाड तेवढा दम." "नव्या तारा म्हणजे खणखणीत आवाज." आणि हुकमाचा एक्का म्हणजे "मॅकार्टनीसारख्या घे, संपला विषय." मंडळी, पोकळ अंगाच्या बासपुरते हे तिन्ही सल्ले कुचकामी आहेत.

घरच्यांसाठी आधी थोडं. माझी बास हॉफनर ५००/१, व्हायोलिनच्या आकाराची. अंग आतून पोकळ आणि घोडी लाकडी. ती स्क्रूने बसवलेली नसते, केवळ तारांच्या दाबावर उभी असते. तारांचे मुख्य प्रकार दोन. राउंडवाउंडमध्ये गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे बोट सरकवलं की खरखर आणि आवाज झणझणीत. फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी असते, म्हणून स्पर्श गुळगुळीत आणि आवाज गोल, दबका. तंबोऱ्याला जवारी हवी, स्वर रेंगाळायला हवा. पोकळ बासचा स्वर 'ठुम्' करून लवकर विरतो, आणि तेच तिचं सौंदर्य. तिथे फ्लॅटवाउंडच शोभतात. इथवर बहुतेकांचं एकमत असतं. भांडण पुढे आहे.

जाड तारांचे भक्त जेम्स जेमर्सनचं नाव घेतात. मोटाउनच्या या थोर वादकाच्या तारा ला बेलाच्या जाडजूड फ्लॅटवाउंड होत्या. त्याच्या नावाने आज मिळणारा संच ०.०५२ ते ०.११० इंचांचा आहे. कबूल! पण त्याची बास होती फेंडर प्रिसिजन, भरीव लाकडाची, ३४ इंची. माझी ३० इंची आणि पोकळ. तो सगळा ताण इथे घोडीमार्फत पातळ पृष्ठभागावर आणि मानेवर येतो. शिवाय कमी लांबीवर जाड, ताठर तार मोकळी थरथरत नाही, आणि खालच्या 'ई'चा नुसता गोळा होतो.

यावर एक बरा प्रतिवाद आहे. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीच तार त्याच स्वरात ३४ ऐवजी ३० इंचांवर लावली तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. मग तार ढिली लागणार, म्हणून जाड घ्या! गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष नाही. तेवढ्याच जाडीची फ्लॅटवाउंड साधारणपणे राउंडवाउंडपेक्षा जास्त ताणाची असते, कारण चपट्या पट्टीत फटी कमी आणि धातू जास्त. घट बरीचशी तिथेच भरून निघते.

आता ताजेपणा. जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे! ज्याचा दाखला देता त्याची एवढी एक सवय तरी घ्या की राव. फ्लॅटवाउंड जुन्या होतात तशा मुरतात.

आणि मॅकार्टनी. त्याने ५००/१ हॅम्बुर्गमध्ये १९६१ साली घेतली, हे खरं. पण तो बहुतेकदा प्लेक्ट्रमने वाजवायचा. त्याच्यासारख्या तारा लावून अंगठ्याने वाजवलं आणि "तो आवाज येत नाही" म्हटलं, तर तारांनी काय करावं?

ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ती गोष्ट म्हणजे तारेची लांबी. दुकानात 'शॉर्ट स्केल' एवढं वाचून पाकीट पुढे सरकवतात. पण या बासला घोडीच्या मागे लांब टेलपीस आहे. तार अडकते तिथपासून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजा, मगच पैसे काढा. तार आखूड पडली तर तिचा निमुळता भाग नटच्या अलीकडेच सुरू होतो. लांब निघाली तर जाड भाग खुंटीभोवती वळतो, पट्टी उकलते आणि महागडी तार गेली कचऱ्यात.

म्हणून माझं मत सरळ आहे. एक तर हॉफनरसाठीच बनवलेला ला बेलाचा ०.०३९ ते ०.०९६ चा संच, नाही तर थोमास्टिक-इनफेल्डच्या कमी ताणाच्या फ्लॅटवाउंड, त्याही लांबी मोजूनच. "तारांना एवढे पैसे?" असं विचारणाऱ्या समस्त मावश्या-काकांनो, या तारा वर्षानुवर्षं टिकतात. घोडीखालचं लाकूड बसलं, तर ते कुठल्याही दुकानात पाकिटात मिळत नाही.

असो. जाडवाल्यांनी खुशाल भांडायला यावं. येताना मोजायची टेप तेवढी आणा.